जुनी हायब्रिड एसयूव्ही घरासाठी घेताय? मग बघायला जायच्या आधी एवढी तयारी करा

आमच्या घरी चार महिने चहाच्या वेळी दुसरा विषयच नव्हता. सासूबाईंचे गुडघे, दोन मुलं, नवऱ्याचं पुण्यातलं रोजचं वाकड ते हडपसर, आणि वर्षातून तीनदा तरी कोकणात गावी जाणं, या सगळ्यात बसेल अशी गाडी हवी होती आणि नवीन हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेली) बजेटमध्ये बसत नव्हती, म्हणून सेकंडहँड शोधली. सात गाड्या बघितल्या तेव्हा एक मिळाली. या चार महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली, की सगळे लोक फक्त मोठ्या बॅटरीला घाबरतात आणि पैसे मात्र दुसऱ्याच ठिकाणी जातात. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कोणाच्या तरी कामाला येईल.

जाहिराती उघडायच्या आधी घरात सगळ्यांनी बसून तुमचं रनिंग कुठे आणि किती हे वहीत लिहा. हायब्रिडचा खरा फायदा रखडत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये आहे, सिग्नलला इंजिन बंद, हळू सरकताना गाडी बॅटरीवर आणि ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद परत बॅटरीत. रोज हिंजवडी किंवा युनिव्हर्सिटी चौक करणाऱ्याला ही गाडी सोन्यासारखी आहे. पण तुमचं सगळं रनिंग जर एक्स्प्रेसवेवर शंभरच्या स्पीडने असेल तर तिथे हा फायदा बराच कमी होतो, मग साधी पेट्रोल किंवा डिझेल घ्या आणि उरलेले पैसे बँकेत ठेवा. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा, या दोघींच्या स्ट्राँग हायब्रिडला (म्हणजे जी नुसत्या बॅटरीवरही चालू शकते) कंपनीने लिटरला २७.९७ किलोमीटरचा अ‍ॅव्हरेज सांगितलाय, तो टेस्टमधला आकडा आहे, तो धरून महिन्याचा हिशोब करू नका.

दुसरं, गाडीत कोण बसणार आणि काय ठेवणार. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी मागे डिकीच्या खाली असते आणि ती जागा खातेच. ग्रँड विटाराच्या साध्या मॉडेलला डिकी ३७३ लिटर आहे आणि स्ट्राँग हायब्रिडला २६५, म्हणजे शंभर लिटरच्या वर गेलं. आकड्यांनी डोक्यात काही येत नाही म्हणून आम्ही दुसऱ्या गाडीपासून घरची मोठी बॅग, सासूबाईंचा वॉकर आणि मुलांची सायकलची हेल्मेटं असं सगळं सोबत घेऊन जायला लागलो, गाडीवाला बघत राहायचा पण खरं काय ते तिथेच कळलं, वॉकर आडवा बसत नव्हता, तिरका ठेवला तर बॅग बाहेर. शेवटी मागची सीट एका बाजूने पाडून जमलं, पण मग मागे तिघं बसणार नाहीत हे आम्ही मान्य करून गाडी घेतली. तुमच्याकडे सहा-सात माणसं नेहमीची असतील तर या दोन गाड्यांच्या मागे लागूच नका, इनोव्हा हायक्रॉस बघा, महाग आहे पण कुचंबणा होत नाही. आणि आई-आजोबांना गाडी बघायला घेऊन जाच, त्यांनी स्वतः दोनदा बसून उतरून बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

आता सगळ्यात मोठी फसगत कुठे होते ते. जाहिरातीत सरसकट 'हायब्रिड' लिहिलेलं असतं. माइल्ड हायब्रिड आणि स्ट्राँग हायब्रिड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माइल्डमध्ये बॅटरी छोटी असते, इंजिनाला थोडा हात देते पण गाडी नुसत्या बॅटरीवर चालवत नाही. हायरायडर आणि ग्रँड विटारा या जोडगोळीत ओळखायची सोपी खूण म्हणजे आरसी बुकचा फोटो मागवा आणि सीसी बघा. १४६२ असेल तर माइल्ड, चार सिलिंडर. १४९० असेल तर स्ट्राँग, तीन सिलिंडर. गिअर मॅन्युअल असेल तर बोलणंच संपलं, स्ट्राँग हायब्रिड फक्त ऑटोमॅटिकच येते. आम्हाला एका ठिकाणी माइल्ड गाडी स्ट्राँगच्या भावात सांगत होते आणि मालकाला खरंच फरक माहीत नव्हता, त्यामुळे समोरचा खोटं बोलतोय असं लगेच धरू नका, पण सीसी बघितल्याशिवाय पेट्रोल जाळून जाऊही नका.

फोनवरच विचारून घ्यायच्या गोष्टी: कितवा ओनर, लोन आहे का, सगळी सर्व्हिस कंपनीत झाली का, इन्शुरन्सचा क्लेम घेतला होता का, आणि पासिंग कुठलं. पासिंगवर जरा थांबा. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला रजिस्ट्रेशनचा टॅक्स माफ केला होता, तिथली गाडी स्वस्त दिसते, पण ती महाराष्ट्रात आणली की इथला रोड टॅक्स तुम्हालाच भरायचाय, शिवाय तिथल्या आरटीओची एनओसी. तो खर्च गाडीच्या भावात मिळवून मगच तुलना करा.

पाण्यात बुडालेल्या गाडीची भीती मात्र खरी ठेवा, हायब्रिडला तर जास्तच. चेन्नईत डिसेंबर २०२३ ला मिचाँग वादळात आणि आपल्याकडे सिंहगड रोडच्या एकतानगरीत २५ जुलै २०२४ ला पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, अशा गाड्या धुवून पुसून बाजारात येतात. बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज, स्टेपनीच्या खोबणीत गाळ, बंद गाडीत कुबट वास आणि त्यावर मारलेला भरमसाठ परफ्यूम, यातलं काहीही दिसलं तर नमस्कार करून निघा, भाव कितीही पाडून दिला तरी. नारंगी रंगाच्या जाड केबल दिसतात त्या हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही, पण त्यांच्यावर काळी टेप गुंडाळलेली किंवा जोड दिलेला दिसला तर ती गाडी नको.

मागच्या सीटच्या बाजूला एक छोटी जाळी असते, बॅटरी थंड ठेवायला तिथून हवा आत जाते. हे कोणीच बघत नाही. आम्ही बघितलेल्या एका गाडीत मी टॉर्च मारला तर जाळीवर कुत्र्याच्या केसांचा थर बसलेला आणि त्यात चुरमुरे अडकलेले, बोटाने खरवडलं तर नमदा निघावा तसा तो थर अख्खा हातात आला. तीच गाडी चालवताना मागून पंख्याचा घूं घूं आवाज सारखा येत होता. हवा मिळाली नाही की बॅटरी तापते आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणजे कंपनीची नाही, वापरणाऱ्याची चूक. त्या जाळीवर बॅग, उशा, चादरी कोंबून ठेवणारं घर असेल तर त्यांनी बाकी गाडी कशी ठेवली असेल याचाही अंदाज येतो.

बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा, गार पाहिजे. बटण दाबल्यावर आवाज येत नाही म्हणून दचकू नका, मीटरवर 'रेडी' लागलं की गाडी चालू आहे. रेडी लागत नसेल किंवा शेजारच्या गाडीची वायर लावून जंप द्यायची वेळ आली तर बहुतेक वेळा साधी बारा व्होल्टची बॅटरी गेलेली असते, ती स्वस्तात बदलते, पण गाडी किती दिवस नुसती उभी होती हे विचारा. 'मालक परदेशात, रनिंग फक्त आठ हजार' हे ऐकायला छान वाटतं, हायब्रिडला मात्र महिनोन् महिने उभं राहणं मानवत नाही, मी तरी रोज वापरलेली पन्नास हजारांची गाडी पसंत करेन. टायरवर चार आकडे असतात, २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. मीटर वीस हजार दाखवतंय आणि टायर मात्र बदललेले, तर का ते विचारा.

चालवायला किमान अर्धा तास घ्या, सोसायटीच्या गेटपर्यंतची चक्कर काही कामाची नाही. सिग्नलला थांबा, इंजिन बंद झालं तरी एसी थंड हवा देत राहिला पाहिजे, कारण स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसी बॅटरीवर चालतो. बॅटरीच्या कांड्यांवर लक्ष ठेवा, त्या हळूहळू वरखाली होतात, पण भरलेल्या एकदम रिकाम्या आणि परत दोन मिनिटांत भरलेल्या असा खेळ दिसला तर बॅटरी थकलीय. चढावर इंजिन ओरडतं, तीन सिलिंडरचा आवाज आहे, ते नॉर्मल आहे. घाट उतरताना बॅटरी फुल झाली की इंजिन आपोआप जोरात फिरायला लागतं, आम्ही कात्रज उतरताना घाबरलो होतो पण तेही नॉर्मल. बॅटरीवरून पेट्रोलवर जाताना मात्र धक्का जाणवता कामा नये. ब्रेक पॅड या गाड्यांत खूप टिकतात, उलट कमी वापराने डिस्क गंजतात, तेव्हा चाकातून डिस्कवर खोल चरे आहेत का बघा.

आवडली तरी लगेच टोकन देऊ नका. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, हजार-दोन हजार गेले तरी जाऊ देत, हायब्रिड सिस्टिम स्कॅन करून रिपोर्ट घ्या आणि नंबरवरून जुनी सगळी हिस्टरी काढायला सांगा, मीटर मागे फिरवलं असेल तर तिथे पकडलं जातं. बॅटरीची वॉरंटी या गाड्यांना आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर आहे, पहिल्या विक्रीपासून मोजायची, म्हणून २०२२ च्या गाडीलाही बरीच वर्षं शिल्लक आहेत. बॅटरीच्या भीतीचं उत्तर हे आहे, पण सर्व्हिस वेळेवर झालेली असली पाहिजे. तिथेच रिकॉलचं काम झालंय का विचारा. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने ग्रँड विटारासकट १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलरसाठी परत बोलावल्या होत्या, त्याच महिन्यात ग्रँड विटाराच्या मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटसाठी वेगळा रिकॉल होता, आणि मागे आपली मुलं बसणार आहेत. एअरबॅगही मोजा, सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला २०२५ पासून आल्या, त्याआधीच्या खालच्या मॉडेलला दोनच असू शकतात. पेट्रोलच्या झाकणाच्या आत ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) चा स्टिकर आहे का तेही बघून घ्या.

भावाचं म्हणाल तर मालक त्याच्या जुन्या बिलावरून आकडा सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापाच्या हायब्रिडवरचा टॅक्स ४३ वरून ४० टक्क्यांवर आला, म्हणून आजचा नवीन गाडीचा ऑनरोड भाव शोरूममधून लेखी आणा आणि त्यावरून खाली या. पाडव्याचा मुहूर्त गाठायचा म्हणून घाई करू नका, आम्ही जवळजवळ केली होती आणि ती नेमकी चुरमुऱ्यांवाली गाडी होती.

कागदांत गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, लोन असेल तर ते आरसीवरून काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, पीयूसी, इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करायचा (नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही), थकलेली ई-चलनं त्याच्यासमोर मोबाईलवर तपासून भरून घ्यायची, त्याचा फास्टॅग त्याला बंद करायला लावायचा. दोन्ही स्मार्ट चाव्या हातात घ्या, दुसरी चावी नंतर देतो म्हणाला तर थांबा. आणि डिलिव्हरी लेटरवर तारखेसोबत गाडी ताब्यात घेतल्याची वेळही लिहा, म्हणजे आदल्या दिवशीचं चलन किंवा अपघात तुमच्या गळ्यात येत नाही, त्यावर दोघांच्या सह्या होऊन फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये गेला की मगच उरलेले पैसे ट्रान्सफर करा.