पहिल्या स्प्रिंटला बसण्याआधी: तयारीची यादी

येत्या सोमवारी तुमचं पहिलं स्प्रिंट प्लॅनिंग आहे, असं धरून ही यादी लिहिते आहे. स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरचं काम टीमनं छोट्या टप्प्यांत करायची पद्धत, स्प्रिंट म्हणजे त्यातला एक टप्पा आणि प्लॅनिंग म्हणजे त्या टप्प्याचं काम ठरवायची बैठक. कोणी नवीन कंपनीत रुजू होत असेल, तर कोणाची जुनी टीम आता स्क्रमकडे वळत असेल. हातात साधारण आठवडा असला तरी पुरतो. मी टेस्टर म्हणून स्क्रम टीममध्ये आले, आता स्क्रम मास्टरचं, म्हणजे टीमला ही पद्धत नीट वापरायला मदत करण्याचं काम करते. टीममध्ये नवीन मुलं-मुली आली की त्यांना जे सांगते, तेच इथे सलग मांडते.

सगळ्यात आधी स्क्रम गाइड वाचा. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी लिहिलेली ही पुस्तिका नेटवर फुकट मिळते आणि ती १३-१४ पानांच्या वर नाही. पहिली आवृत्ती २०१० ची, सध्याची नोव्हेंबर २०२० ची. एकदा सरळ वाचून काढा, मग एक दिवस जाऊ द्या आणि दुसऱ्यांदा पेन घेऊन बसा. वहीच्या एका पानावर तीन जबाबदाऱ्या लिहा: प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी घ्यायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर, डेव्हलपर्स. खाली पाच इव्हेंट: स्वतः स्प्रिंट, प्लॅनिंग, डेली स्क्रम (रोजची छोटी बैठक, बोलताना स्टँडअप), रिव्ह्यू (झालेलं काम दाखवण्याची बैठक, बोलताना डेमो), रेट्रो (काम कसं झालं आणि काय सुधारायचं याची बैठक). त्याखाली तीन आर्टिफॅक्ट आणि प्रत्येकाला जोडलेलं एकेक वचन: प्रॉडक्ट बॅकलॉगला (बाकी कामांची सगळी यादी) प्रॉडक्ट गोल, स्प्रिंट बॅकलॉगला (या स्प्रिंटसाठी घेतलेलं काम) स्प्रिंट गोल, इन्क्रिमेंटला (पूर्ण झालेला, वापरता येईल असा भाग) डेफिनिशन ऑफ डन (काम ‘झालं’ कधी म्हणायचं त्याचे निकष). हे पान पुढचे दोन-तीन महिने जवळ ठेवा.

व्हिडिओ नंतर बघा. पुष्कळ व्हिडिओंत अजून जुनी आवृत्तीच शिकवली जाते. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा कोणता, हे डेली स्क्रमचे तीन प्रश्न २०२० च्या गाइडमध्ये नाहीत. ‘डेव्हलपमेंट टीम’ हा शब्दही गेला. आता डेव्हलपर्स म्हणजे इन्क्रिमेंट घडवणारे सगळे, टेस्टरसुद्धा. मी टेस्टर होते म्हणून ही ओळ मला फार जवळची आहे. दुसरी एक गोष्ट वाचताना खुणेनं टिपा: यूजर स्टोरी (वापरणाऱ्याला काय हवं ते सांगणारं छोटं वर्णन), स्टोरी पॉइंट (ती स्टोरी केवढी मोठी त्याचा अंदाजे आकडा), प्लॅनिंग पोकर (आकड्यांचे पत्ते दाखवून तो अंदाज देणं), जिरा (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) यांतलं काहीही स्क्रमनं सक्तीचं केलेलं नाही. यूजर स्टोरी तर एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्याच पद्धतीतून आल्या. या पद्धती टीमनं स्वतः निवडलेल्या असतात, म्हणून टीमला त्या बदलताही येतात. हे माहीत असलं की “स्क्रममध्ये असंच असतं” असं कोणी म्हटल्यावर गप्प बसावं लागत नाही.

इतिहासाला अर्धा तास द्या, इंटरव्ह्यूतही विचारतात. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहिला आणि रग्बीत अख्खा संघ चेंडू एकमेकांकडे देत पुढे सरकतो तशा कामाचं वर्णन केलं. त्यात होंडाची गाडी होती, कॅननचा कॅमेरा होता, सॉफ्टवेअरचा पत्ता नव्हता. श्वाबर आणि सदरलँड यांनी ती कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणली आणि १९९५ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला झालेल्या परिषदेत जाहीरपणे मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि अ‍ॅजाइल मॅनिफेस्टो, म्हणजे स्क्रमसारख्या लवचीक पद्धतींचा जाहीरनामा, लिहिला गेला. म्हणजे स्क्रम आधीचं, ‘अ‍ॅजाइल’ हे नाव नंतरचं.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ घालवायचा ती: ‘डन’ म्हणजे काय.

माझ्या पहिल्या टीममध्ये हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. दोन आठवड्यांचा स्प्रिंट. रोज स्टँडअपला ऐकू यायचं, “झालंय, फक्त टेस्टिंग बाकी आहे.” शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास एकदम सहा स्टोऱ्या माझ्याकडे आल्या. रात्री बारापर्यंत मी जमेल तेवढं तपासलं, आणि दुसऱ्या दिवशी डेमोत नेमकी न तपासलेली स्क्रीन उघडली आणि अडकली. क्लायंट काही बोलला नाही, पुढच्या स्क्रीनकडे वळला. ती शांतता मला अजून आठवते. माझीही त्यात चूक होतीच. आधीचे तीन दिवस माझ्याकडे टेस्ट डेटा नव्हता आणि मी तो विषय स्टँडअपमध्ये काढला नव्हता, मागून घेऊ म्हणून.

त्यामुळे रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी विचारा, “आपली डेफिनिशन ऑफ डन कुठे लिहिली आहे?” ती लिहिलेलीच असावी लागते. आमची साधी आहे: कोड दुसऱ्या कोणीतरी वाचलेला, ऑटोमेटेड टेस्ट हिरव्या (म्हणजे पास), क्यूए एन्व्हायर्नमेंटवर (टेस्टिंगसाठी वेगळ्या ठेवलेल्या सिस्टिमवर) हातानं तपासलेलं, माहीत असलेला मोठा बग शिल्लक नाही. यातली एक गोष्ट जरी राहिली तरी ती स्टोरी रिव्ह्यूमध्ये दाखवायची नाही, ती परत प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये जाते. गाइडही हेच सांगतं. ‘नव्वद टक्के झालंय’ असा आकडा आम्ही बोर्डवर ठेवलेलाच नाही. ऐकायला कठोर वाटेल, पण यामुळेच टेस्टरची शेवटची रात्र वाचते.

त्याच्या खालोखाल सराव करायचा तो स्टोरी वाचण्याचा आणि अंदाज देण्याचा. समजा बसच्या तिकिटांचं अ‍ॅप आहे आणि स्टोरी अशी: तिकीट रद्द करण्याआधी परतावा किती मिळेल ते प्रवाशाला दिसावं, म्हणजे रद्द करायचं की नाही ते त्याला ठरवता येईल. प्लॅनिंग पोकरमध्ये सगळे एकाच वेळी पत्ते उघडतात. डेव्हलपरनं दाखवले ३, टेस्टरनं १३. इथे सरासरी काढून ८ लिहायचे नसतात. दोन टोकांच्या माणसांना बोलू द्यायचं. टेस्टर म्हणते, “चार सीट एकत्र बुक केल्या, त्यावर कूपन लावलं आणि आता एकच सीट रद्द करायची आहे. मग कूपनची सूट कुणाच्या वाट्याची धरायची?” डेव्हलपरच्या हे डोक्यातच आलेलं नसतं. प्रॉडक्ट ओनर ठरवतो की कूपनचं प्रकरण वेगळी स्टोरी करू. उरलेल्या स्टोरीवर पुन्हा पत्ते पडतात आणि सगळ्यांचे ५ येतात. आकडा पुढे विसरलात तरी चालेल. कूपनचा प्रश्न कोडिंगच्या आधी बाहेर आला, यासाठी तो सगळा खटाटोप होता. घरी सराव करायचा तर रोज वापरता ते कुठलंही अ‍ॅप घ्या, त्यातल्या एका बटणामागची स्टोरी लिहा आणि ‘हे चुकीचं कधी वागेल’ अशा पाच शक्यता काढा. दोन संध्याकाळी पुरे.

वेळांचं गणित एकदा पाठ करा. स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा. तेवढ्या स्प्रिंटला प्लॅनिंग ८ तासांच्या आत, रिव्ह्यू ४, रेट्रो ३. लहान स्प्रिंटला त्या मानानं कमी. डेली स्क्रम मात्र नेहमी १५ मिनिटं. टीम साधारण १० किंवा त्याहून कमी माणसांची.

क्लायंट अमेरिकेत असेल तर कॅलेंडरकडेही बघून ठेवा. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि तोच कॉल साडेसातवर येतो. हिंजवडीहून घरी पोचायला ज्यांना तास-दीड तास लागतो, त्यांच्यासाठी हा एक तास म्हणजे मुलांचं जेवण चुकणं. डेली स्क्रम डेव्हलपर्सचा असतो, त्याची वेळ त्यांना सोयीची असली पाहिजे. आमच्या टीमनं तो सकाळी साडेदहाला आणला आणि क्लायंटशी आठवड्यात दोनदाच संध्याकाळी बोलायचं ठरवलं. तुमच्याकडे तशी सोय आहे का, ते मोकळेपणानं विचारा. नवीन माणसानं विचारू नये असं काही नाही.

डेली स्क्रममध्ये काय बोलायचं, याची तयारी आदल्या संध्याकाळी दोन मिनिटांत होते. स्प्रिंट गोल वाचा आणि आपल्या कामामुळे तो जवळ आला की लांबला, एवढं वहीत लिहा. अडलात तर “मी अडले आहे, अमक्याकडून अमुक हवं आहे” असं नाव घेऊन सांगा. स्क्रम मास्टरकडे बघून हजेरी दिल्यासारखं बोलू नका, टीमशी बोला. दोघांमधली लांबलचक तांत्रिक चर्चा निघाली तर ती मीटिंगनंतर त्या दोघांनी करावी.

प्रॉडक्ट ओनर नक्की कोण, हेही पहिल्या आठवड्यात शोधून काढा. तो एकच माणूस असतो, समिती नसते. काम कोणत्या क्रमानं घ्यायचं, ते ठरवणं त्याचं. स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकारही त्याचाच. मॅनेजरनं मधेच येऊन एखादं ‘छोटंसं काम’ हातात दिलं, तर नम्रपणे प्रॉडक्ट ओनरकडे पाठवा.

सर्टिफिकेटची घाई नको. पीएसएम वन (प्रोफेशनल स्क्रम मास्टरची पहिली पातळी) या परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न असतात आणि पास व्हायला ८५ टक्के लागतात. दोन-तीन स्प्रिंट केल्यावर बसलात तर प्रश्न ओळखीचे वाटतील.

शेवटचं, वहीतलं एक पान रेट्रोसाठी कोरं ठेवा. दोन आठवड्यांत जिथे जिथे अडाल, ते त्याच दिवशी तारखेसह लिहा. रेट्रोत “सगळं छान चाललंय” म्हणून टीमच्या हाती काही लागत नाही. “१२ तारखेला टेस्ट डेटासाठी दीड दिवस थांबले,” एवढं म्हणालात तर त्यावर तिथल्या तिथे उपाय ठरतो आणि तो पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये टाकता येतो.