बॉलस्क्रू उतरवण्याआधी या चुका टाळा

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) बोअर, म्हणजे गोल भोक, लंबगोल यायला लागला, किंवा गोल मिलिंग करताना अक्ष दिशा बदलतो तिथे बारीक पायरी उमटली, की शॉपमध्ये लगेच ऐकू येतं, "बॉलस्क्रू गेला." (बॉलस्क्रू म्हणजे मोटरने फिरणारा आट्यांचा दांडा; त्यावरचा नट छर्र्यांवर सरकतो आणि टेबल पुढेमागे नेतो.) ऐकलं की स्क्रू उतरवायला घेणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भोसरीतल्या एका कारखान्यात आम्ही हेच केलं. दोन दिवस मशीन बंद ठेवल्यावर कळलं, बेअरिंगमागची लॉकनट सैल झाली होती.

तेव्हापासून आधी डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावतो. स्क्रूच्या टोकाला सेंटर, म्हणजे मधोमध छोटा खड्डा असतो, त्यात ग्रीस लावून एक छर्रा चिकटवायचा आणि सपाट टोकाची डायल त्यावर टेकवायची. दुसरी डायल टेबलावर. मग हँडव्हीलने 0.01 मिमीच्या टप्प्यात एकदा पुढे, एकदा मागे. दिशा बदलताना छर्र्यावरचा काटा उडाला, तर स्क्रू स्वतःच पुढेमागे सरकतोय, म्हणजे दोष थ्रस्ट बेअरिंगमध्ये (स्क्रूला लांबीच्या दिशेने सरकू न देणाऱ्या) किंवा ते आवळून धरणाऱ्या लॉकनटमध्ये. छर्र्यावरचा काटा शांत, स्क्रू फिरतोय, पण टेबल मागे राहतंय, तर आधी नटच्या फ्लँजचे (नट टेबलाला धरणाऱ्या कडेचे) बोल्ट तपासा, मग नटकडे बघा. मोटर फिरते आणि स्क्रू उशिरा उचलतो, तर दोष दोघांना जोडणाऱ्या कपलिंगमध्ये.

हे माप टेबलाच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना घ्या. काम बहुतेक मध्येच होतं, म्हणून झीजही तिथेच जास्त. मध्ये 0.05 मिमी आणि टोकाला 0.01 मिमी येत असेल, तर फॅनक कंट्रोलच्या 1851 पॅरामीटरमध्ये (दिशा बदलतानाची ढिलाई भरून काढणाऱ्या) एकच आकडा भरून भागणार नाही. मध्ये बरं वाटेल, टोकाला साइज बिघडेल. शिवाय कटरच्या ओढीने टेबल हलतं, ते पॅरामीटर थांबवत नाही.

झेड अक्षाला (हेड वर-खाली नेणाऱ्या) हात लावण्याआधी हेडखाली भक्कम लाकडी ठोकळा द्याच. मोटर सोडली की ब्रेकही तिच्याबरोबर जातो आणि हेड खाली येतं. इथे घाई कुणालाच परवडत नाही.

नट स्क्रूवरून नुसता फिरवून काढू नका. छर्रे सांडतात, कूलंटच्या ट्रेमध्ये जातात. स्क्रूच्या रूट डायपेक्षा (आट्यांच्या तळाच्या व्यासापेक्षा) किंचित बारीक स्लीव्ह, म्हणजे नळी, टोकाला घट्ट टेकवा आणि नट तिच्यावर सरकवा. छर्रे बदलायचेच असतील, तर प्रत्येक सर्किटचे (नटमधल्या छर्र्यांच्या एका फेरीचे) वेगळ्या डबीत ठेवा आणि मायक्रोमीटरने मोजा. काही नटमध्ये एकाआड एक थोडे बारीक स्पेसर छर्रे असतात. ते ओळखले नाहीत आणि सगळे एका मापाचे भरले, तर नट जड फिरतो. सर्किट ठासूनही भरू नका, थोडी मोकळी जागा राहू द्या.

काही मायक्रॉन मोठे छर्रे टाकून प्रीलोड (ढिलाई न ठेवणारा आतला दाब) परत येतो, पण ट्रॅक गुळगुळीत असेल तरच. खोबणीत नख अडकलं, पापुद्रे सुटलेले दिसले, तर तो स्क्रू बदलायचा. एमरी मारून कडकपणाचा थर परत येत नाही.

जोडताना नट बेअरिंगच्या बाजूला नेऊन फ्लँजचे बोल्ट आवळा, मग टेबल पूर्ण फिरवून हाताला जडपणा सारखा लागतो का ते बघा. आणि वंगणाची नळी नटपाशी सोडून तेल खरंच येतंय का हे डोळ्यांनी पाहा. मीटरिंग कार्ट्रिज (तेल मोजून सोडणारा भाग) तुंबलेलं असेल, तर नवा नटही तसाच जाईल.