ईबिल्डमध्ये मेक चालवताय? या चुका टाळा

जेन्टू लिनक्समध्ये पॅकेज कसं बांधायचं आणि बसवायचं ते सांगणारी बॅश स्क्रिप्ट म्हणजे ईबिल्ड. माझ्या एका ईबिल्डने एकदा अर्धवट बांधलेलं पॅकेज बिनबोभाट बसवून टाकलं. लॉगमध्ये कंपायलरची एरर ढळढळीत दिसत होती, तरी पोर्टेज (जेन्टूचा पॅकेज मॅनेजर) पुढे गेलं आणि इन्स्टॉलही पार पडलं. दोन दिवसांनी प्रोग्रॅम उघडल्यावर कळलं की बारापैकी चारच प्लगइन जागेवर आहेत. इन्स्टॉलच्या टप्प्यात मी प्लगइन वाइल्डकार्ड देऊन उचलत होतो, त्यामुळे जेवढे तयार झाले होते तेवढे गेले.

चूक कंपाइलच्या टप्प्यातल्या एका ओळीत होती. बिल्डचा लॉग वेगळ्या फाइलीत हवा म्हणून मी ईमेक या जेन्टूच्या हेल्परऐवजी नुसतं मेक (मेकफाइलीतल्या नियमांनुसार कोड बांधणारं टूल) लिहिलं होतं, त्याचं आउटपुट पाइपमधून टी या कमांडकडे पाठवलं होतं आणि शेवटी || (आधीची कमांड फसली तरच पुढची चालवा) लावून डाय (बिल्ड तिथेच थांबवणारी कमांड) जोडलं होतं. डाय आहे म्हणून मी निर्धास्त होतो. पण बॅश पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरवतं. टीने आलेला मजकूर फाइलीत लिहिला आणि शून्य, म्हणजे यशाचा एक्झिट कोड, परत दिला. मेकने दिलेला २ हा एक्झिट कोड कुणी विचारलाच नाही, त्यामुळे डायची पाळीच आली नाही. पाइप वापरायचाच असेल तर बॅशच्या पाइपस्टेटस अ‍ॅरेमधला पहिला आकडा तपासा. त्याहून सोपं म्हणजे टी काढूनच टाका. पोर्टेज तात्पुरत्या फोल्डरमध्ये बिल्डचा पूर्ण लॉग तसाही ठेवतंच.

जेन्टूमध्ये ईमेक हे हेल्पर आहे ते याच कामासाठी. युजरने मेकऑप्ट्समध्ये (मेकचे पर्याय, जसं जॉबची संख्या, ठेवणारा व्हेरिएबल) जे लिहिलंय ते मेकपर्यंत पोचवायचं, नेमकी कोणती कमांड चालली ते लॉगमध्ये दाखवायचं, आणि मेक अपयशी झालं की सगळं तिथेच थांबवायचं. हे आपोआप थांबणं ईबिल्डच्या नियमांच्या ईएपीआय ४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून आहे. त्याआधीच्या ईबिल्डमध्ये प्रत्येक ईमेकनंतर || डाय लिहावं लागे. अपयश खरोखरच चालणार असेल तर ईमेकच्या आधी नॉनफेटल लावायची सोय आहे, पण ती लावताना कारण कमेंटमध्ये लिहा.

आपण स्वतः हेल्पर फंक्शन लिहायला बसतो तेव्हा हे संरक्षण सहज निसटतं. ईमेक, आणि निंजा व स्कॉन्स या दुसऱ्या बिल्ड टूल्ससाठीची ईनिंजा, ईस्कॉन्स ही मंडळी स्वतःहून थांबतात. पायथन, गो, सेड किंवा एखादी शेल स्क्रिप्ट थांबत नाही, तिथे || डाय लागतंच. आणखी एक जागा: फंक्शनच्या शेवटी "झालं" असा निरोप छापणारी ओळ असेल, तर फंक्शनचा निकाल त्या ओळीचा धरला जातो. निरोप छापणं यशस्वीच होतं, मग आतला बिल्ड फुटला असला तरी.

लोकल व्हेरिएबलच्या बाबतीत तर अनुभवी माणसंही फसतात. लोकल लिहून त्याच ओळीत $(…) मधल्या कमांडचं उत्तर भरलं आणि पुढे || डाय लावलं, तर तपासला जातो तो लोकलचा एक्झिट कोड. लोकल ही स्वतःच एक कमांड आहे आणि ती शून्य परत देते. आतली कमांड मेली तरी हातात रिकामा व्हेरिएबल घेऊन बिल्ड पुढे चालू राहतो. आधी एका ओळीत व्हेरिएबल लोकल म्हणून जाहीर करा, दुसऱ्या ओळीत किंमत भरा आणि || डाय त्या दुसऱ्या ओळीला लावा. यावर सेट डॅश-ई (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवा असं बॅशला सांगणं) हा उपाय कुणी सुचवला तर तोही पुरत नाही. ज्या फंक्शनला || लावून बोलावलंय त्याच्या आत डॅश-ई निष्प्रभ असतं.

आता अवतरणचिन्हं. हेल्परला आलेले आर्ग्युमेंट मेककडे पाठवताना "$@" असं, अवतरणासकट लिहायचं. अवतरण गाळलं तर काय होतं ते एका उदाहरणात बघा. समजा, सीफ्लॅग्समध्ये (सी कंपायलरचे पर्याय ठेवणारा व्हेरिएबल) डॅश-ओ२ आणि डॅश-पाइप असे दोन पर्याय आहेत. जेन्टूवर ही जोडी अगदी नेहमीची. अवतरण नसल्यामुळे बॅश स्पेसवर तुकडे पाडतं. मेकला मिळतं सीफ्लॅग्स बरोबर डॅश-ओ२, आणि सुटं डॅश-पाइप. ते सुटं डॅश-पाइप मेक कंपायलरसाठी आहे असं समजत नाही, स्वतःचेच पर्याय म्हणून एकेक अक्षर वाचतं. पी म्हणजे नियमांचा सगळा डेटाबेस छापा. आय म्हणजे एरर आली तरी दुर्लक्ष करा. पुन्हा पी. ई म्हणजे एन्व्हायर्नमेंटमधले व्हेरिएबल मेकफाइलीतल्यांपेक्षा वरचढ माना. त्यातलं आय घातक आहे. कंपायलर ओरडत राहतो, मेक शेवटी शून्य परत देतं, आणि मग ईमेकलाही थांबायचं कारण उरत नाही. लॉगमध्ये अचानक हजारो ओळींचा नियमांचा ढीग दिसला तर आधी अवतरणं तपासा.

मेकऑप्ट्स मात्र ईमेकच्या आत अवतरणाशिवायच वापरलेलं असतं, कारण त्याचे तुकडे पडणं तिथे हवंच असतं. ते बघून बाकीच्या जागी तसंच करू नका.

सीफ्लॅग्सचाच दुसरा घोळ. मेकफाइलीत सीसी (कंपायलरचं नाव ठेवणारा व्हेरिएबल) बरोबर जीसीसी असं ठोकून लिहिलं असेल तर एन्व्हायर्नमेंटमधला सीसी कुणी विचारत नाही. म्हणून तो ईमेकला आर्ग्युमेंट म्हणून द्यावा लागतो, आणि किंमत टूलचेन-फंक्स या जेन्टूच्या तयार फंक्शनांच्या संचातल्या टीसी-गेटसीसी या फंक्शनकडून घ्यायची. इथवर ठीक. पण हीच युक्ती सीफ्लॅग्सला लावली की गडबड होऊ शकते. कमांड लाइनवरून आलेला व्हेरिएबल मेकफाइलीतल्या += लाही दाद देत नाही. लेखकाने += वापरून स्वतःच्या हेडरचा रस्ता जोडला असेल तर तो गायब होतो आणि "हेडर सापडत नाही" अशी तक्रार येते. मेकफाइल उघडून बघा: = असेल तर बारीकसा पॅच मारा किंवा कमांड लाइनवरून द्या; नुसतं += असेल तर एन्व्हायर्नमेंटवर सोडा. न बघता देऊ नका.

समांतर बिल्डबद्दल, म्हणजे एकाच वेळी अनेक जॉब चालवण्याबद्दल, माझं मत ठाम आहे: ईबिल्डमध्ये जॉबची संख्या लिहू नये. किती जॉब चालवायचे हे मशीनच्या मालकाने ठरवायचं. त्याच्याकडे १६ थ्रेड असतील पण रॅम ८ जीबीच असेल. एका जॉबला २ जीबी हा जेन्टू विकीचा ठोकताळा धरला तर त्याने ४ वर थांबणंच बरं. थेट निंजा बोलावलं तरी हाच प्रश्न येतो. निंजाला मेकऑप्ट्स माहीत नाही, ते आपल्या मनाने थ्रेड अधिक दोन, म्हणजे इथे १८ जॉब काढतं आणि मोठ्या सी++ पॅकेजला मशीन स्वॅपमध्ये जातं. ईनिंजा वापरलं की मेकऑप्ट्समधला आकडा काढून निंजाला दिला जातो. स्कॉन्सची अडचण वेगळी: ते एन्व्हायर्नमेंट आत घेतच नाही, म्हणून कंपायलर आणि फ्लॅग बिल्ड फाइलीपर्यंत आपल्यालाच न्यावे लागतात.

समांतर चालवल्यावर बिल्ड कधी फुटतो, कधी फुटत नाही, असं झालं तर बहुतेकदा मेकफाइलीत एखादी डिपेंडन्सी लिहायची राहिलेली असते. ईमेकला डॅश-जे १ (एका वेळी एकच जॉब) दिलं की बिल्ड पार होतो, कारण आपण दिलेला पर्याय मेकऑप्ट्सच्या नंतर येतो आणि नंतरचा चालतो. पण ते दुखणं दाबणं झालं. तसं करावंच लागलं तर शेजारी बगचा नंबर लिहा, नाहीतर ती ओळ वर्षानुवर्षं तशीच राहते. मूळ शोधायला जीएनयू मेक ४.४ मध्ये, म्हणजे २०२२ पासून, शफल नावाचा पर्याय आला आहे. तो टार्गेटचा क्रम मुद्दाम पिंजतो, आणि बिल्ड फुटला तर एररच्या ओळीत त्या क्रमाचा बीजांकही छापतो. तो बीजांक परत दिला की तोच क्रम पुन्हा मिळतो. मूळ लेखकाकडे तक्रार करताना हा आकडा जोडलात तर "माझ्याकडे तर चालतं" हे उत्तर येत नाही.

"जॉबसर्व्हर मिळत नाही, डॅश-जे १ वापरतो" अशी सूचना दिसली (जॉबसर्व्हर म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या मेकमध्ये जॉब वाटून देणारी सोय), तर मेकफाइलीतून आतलं मेक नावाने बोलावलंय का ते बघा. तिथे $( ) मध्ये कॅपिटल अक्षरांतला मेक व्हेरिएबल हवा.

हेल्पर लिहून झालं की मी ते एकदा मुद्दाम पाडून बघतो. सीसीच्या जागी फॉल्स ही कमांड द्यायची. ती काहीच न करता १ परत देते, म्हणजे पहिलीच फाइल कंपाइल होताना बिल्ड थांबायला हवा आणि ईमेक अपयशी झाल्याची ओळ दिसायला हवी. पोर्टेज इन्स्टॉलपर्यंत गेलं, तर फंक्शन पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतो.