चुन्याच्या भिंतीवरची बुरशी काढून परत चुना कसा मारायचा

कोकणात जुनं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आणि बाहेरून चुन्याचा गिलावा असेल तर पावसाळा सरला की भिंत काळी-हिरवी दिसणारच. पेंटर येतो आणि म्हणतो एक्सटीरियर इमल्शन (बाहेरच्या भिंतीचा प्लास्टिक पेंट) मारून टाकू, पण प्लीज तसं करू नका. चिरा पाणी पितो आणि ती ओल चुन्यातून हळूहळू बाहेर वाळते, वर प्लास्टिकचा थर बसला की ओल आतच कोंडते मग फुगे धरतात आणि पापुद्र्याबरोबर गिलावापण सुटून येतो. सिमेंटने डागडुजी केली तरी तेच.

आधी पाणी कुठून येतंय ते बघा. फुटकी कौलं, गळकी पन्हळ, पायाशी साचलेली माती. हे केलं नाही तर पुढचं सगळं फुकट.

साफसफाई नोव्हेंबरनंतर, भिंत सुकायला लागल्यावर. सुकं शेवाळ खरवडू नका, आधी ओलं करा म्हणजे धूळ नाकात जात नाही, आणि काथ्याचा नाहीतर नायलॉनचा ब्रश घ्या, तारेचा नको. मग एक भाग साधं घरगुती पातळ ब्लीच (पावडर नव्हे) तीन भाग पाण्यात घालून खालून वर लावा, पंधरा-वीस मिनिटं ठेवून घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. ग्लोव्हज, चष्मा हवाच. अ‍ॅसिड अजिबात नको, चुना अ‍ॅसिडने विरघळतो, भिंतीवर फसफसताना दिसतं, आणि ब्लीचमध्ये ते पडलं तर विषारी वायू होतो. प्रेशर वॉशरपण नको.

भिंत ठोकून बघा, जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा काढून एक भाग चुना तीन भाग वाळू असा भरा आणि काही दिवस ओला ठेवा.

आता चुना. कळीचा चुना (भाजलेला, अजून न विझवलेला) आणलात तर पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो म्हणून मुलांना लांब ठेवा. पत्र्याच्या पिंपात भिजवा, जितका मुरेल तितका चांगला. मग फडक्यातून गाळून दुधाइतका पातळ करा. थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घातली की छान उठतो. रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवळी माती चालते, बाकीचे बरेच रंग चुन्यात टिकत नाहीत.

मारायच्या आधी भिंतीवर पाणी शिंपडा. हात पातळच द्या, जाड दिला की तडकतो. ओला असताना पारदर्शक दिसतो, काहीच लागलं नाही असं वाटतं, घाबरू नका, वाळताना पांढरा होत जातो. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या, असे तीन-चार हात. दुपारच्या उन्हात मारू नका, पटकन वाळला की हाताला पांढरं लागत राहतं. पुढच्या पावसाळ्यानंतर नुसता एक हात फिरवला तरी चालतं.