घरी बनवलेल्या उपकरणाला टिकाऊ केबल कनेक्टर कसा निवडावा

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय हे खाली स्वयंपाकघरात दाखवणारा डबा बनवायचा, असं धरून चालू. नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या पुण्यात ही कल्पना कधी ना कधी सुचतेच. असल्या उपकरणात सर्किटपेक्षा आधी जोड दगा देतात. ऊन, चार महिने पाऊस आणि टाकी धुवायला आलेल्या माणसाचा वायरीत अडकणारा पाय, हे सगळं सोसायचं असतं ते कनेक्टरला.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाण्यापूर्वी कागद घ्या. प्रत्येक वायरीपुढे लिहा: व्होल्ट किती, अँपिअर किती, तारा किती, महिन्यातून किती वेळा काढायची, भिजेल का, तिला हिसका कोण देईल. आपल्या डब्यात तीन जोड निघतात, आतला, वीजपुरवठ्याचा आणि गच्चीकडचा, आणि तिघांची उत्तरं वेगळी येतात. एकाच जातीचे कनेक्टर डझनाने आणायचा मोह इथेच सुटतो.

डब्याच्या आतलं काम स्वस्तात होतं. ड्युपाँट जंपर वायरी, म्हणजे पिनेवर नुसत्या सरकवायच्या सुट्या तारा, चाचणीपुरत्या ठीक, पण कायमच्या ठेवू नका. त्यांना खटका नसतो, हादऱ्याने सुटतात. त्याऐवजी पिनांमध्ये २.५ मिमी अंतर असलेले जेएसटी एक्सएच जातीचे कनेक्टर घ्या. ३ अँपिअर झेपतात आणि उलटे बसत नाहीत. ते रोज काढ-घाल करण्यासाठी मात्र नसतात.

मग वीजपुरवठा. १२ व्होल्टच्या अडॅप्टरची गोल पिन बाहेरून सहसा ५.५ मिमीची असते, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ मिमी. २.५ची पिन २.१च्या सॉकेटमध्ये जाते, पण सैल राहते आणि डबा मधेच बंद पडतो. म्हणून अडॅप्टर सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. ५ व्होल्टवर चालणार असेल तर टाइप-सी उत्तम. ते १०,००० वेळा काढ-घाल सोसेल असं बनवलेलं असतं. जुन्या चपट्या यूएसबी-एसाठी हा आकडा १,५०० आहे. पण हा आकडा कनेक्टरचा, तुमच्या सोल्डरिंगचा नव्हे. सॉकेट नुसतं बोर्डावर चिकटलेलं असेल तर एका हिसक्यात तांब्याची पट्टीसुद्धा उखडते. डब्याच्या भिंतीला नटाने आवळता येणारं सॉकेट घ्या. अडॅप्टर न वापरता २३० व्होल्ट थेट डब्यात घ्यायचे असतील, तर इथले कुठलेच कनेक्टर चालणार नाहीत; कॉम्प्युटरच्या एसएमपीएसला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याला, असतं तसं अर्थिंगचं तीन पिनांचं सॉकेटच हवं.

खरा पैसा लावायचा तो गच्चीकडे जाणाऱ्या वायरीवर. हेडफोनचा ३.५ मिमी जॅक इथे नको: आत सरकताना तो शेजारचे संपर्क क्षणभर एकमेकांना टेकवतो, म्हणजे सप्लाय सरळ ग्राउंडला. नेटवर्कच्या प्लगची प्लॅस्टिकची जीभ तुटली की तो नुसता लोंबतो. माझी पसंती जीएक्स-१६ या धातूच्या गोल कनेक्टरला. डब्याला १६ मिमीचं भोक, आट्यांची धातूची कडी आणि मागे केबल आवळणारा चिमटा. ओढ त्या चिमट्यावर येते, सोल्डरवर नाही. किंमत द्यायची ती यासाठीच.

मात्र जीएक्स-१६ सहसा पाऊस अडवत नाही. तो खालच्या डब्याला लावा. वर गच्चीवर शक्यतो कनेक्टरच नको. केबल ग्लँडमधून, म्हणजे भोकात केबल घट्ट आवळून पाणी अडवणाऱ्या बुचातून, थेट सेन्सरच्या डब्यात घ्या; ३ ते ६.५ मिमी जाडीच्या केबलला पीजी-७ ग्लँड बसतो. कनेक्टर लागणारच असेल तर आयपी-६७चा, म्हणजे धूळ न शिरणारा आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकणारा. ही हमी जोड लावलेला असताना किंवा टोपण घातलेलं असतानाच लागू. डब्यात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथेच गळून जातं.

ज्या टोकाला वीज आहे तिथे भोकांची बाजू, म्हणजे फिमेल, ठेवा. उघड्या पिना कशालाही टेकतात. सप्लायला दोन पिना आणि सेन्सरला तीन पिनांचा कनेक्टर घेतला, की घरच्या कोणीही चुकीच्या जागी लावूच शकत नाही.

बसवताना क्रिम्पिंगला, म्हणजे धातूचं टोक तारेवर दाबून बसवायला, पक्कड वापरू नका, त्यासाठीचं हत्यारच हवं. स्क्रूखाली जाणाऱ्या तारेला सोल्डर लावू नका; दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल पडतो, तिथे लग, म्हणजे तारेवर दाबून बसवायचं धातूचं टोक, लावा. सोल्डर करण्यापूर्वी कनेक्टरची मागची कडी आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) तारेत ओवलीत ना, बघा. सगळं झाल्यावर हे टेबलावर सापडलं की तोंडून काय निघतं ते छापण्यासारखं नसतं. शेवटी मल्टिमीटर बीपवर ठेवा, तारेच्या दोन टोकांना टेकवा आणि केबल कनेक्टरजवळ हलवत राहा. आवाज तुटला तर जोड पुन्हा करा. आणि त्याच दुकानातून, त्याच मापाची एक जोडी जास्तीची आणून ठेवा, कारण दुसरीकडची कडी आट्यांवर बसेलच असं नाही.