३९५वर निघण्याआधी काउंटीचं पान लिहा

लॉस एंजेलिसहून यूएस-३९५ या महामार्गाने मॅमथ लेक्सला किंवा डेथ व्हॅलीला निघालेली आपली मंडळी धपाटे-चटणी बांधून घेतात, हॉटेल बुक करतात आणि बाकीचं मोबाइलवर सोडतात. आम्हीही तेच करायचो. एका ऑक्टोबरच्या रात्री ली व्हायनिंगच्या उत्तरेला, कॉनवे समिटच्या चढावर टायर फुटला. गाडी अर्धी रस्त्यात, त्यामुळे ९११ लावला. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "कुठली काउंटी?" काउंटी म्हणजे इथला जिल्हा, आणि आम्ही कुठल्या काउंटीत आहोत ते मला ठाऊकच नव्हतं. "कडेला पांढरी पट्टी दिसते का? तिच्यावरचं वाचा." नवऱ्याने कठड्याच्या आतून चालत जाऊन मोबाइलच्या उजेडात ती वाचली, तेव्हा कुठे आमचा ठावठिकाणा लागला.

ही पट्टी नीट समजून घ्या. गुडघ्याएवढ्या उंचीची असते. वर रस्त्याचा क्रमांक, त्याखाली काउंटीची खूण (वाटेतल्या इन्यो काउंटीची आय-एन-वाय, मोनो काउंटीची एम-एन-ओ) आणि शेवटी मैल. हे मैल प्रत्येक काउंटीच्या हद्दीवर पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि ३९५वर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात. म्हणजे काउंटी न सांगता नुसता आकडा सांगितलात, तर ती गल्ली न सांगता घरनंबर सांगितल्यातली गत. बिशप सोडल्यावर थोड्याच वेळात शेरविनचा चढ लागतो आणि तिथेच इन्यो संपून मोनो सुरू होते.

तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही असते. वाटेतल्या प्रत्येक काउंटीला एक पान. मोबाइलमध्ये नको, कागदावरच लिहा. रेंज आणि बॅटरी दोन्ही जातात ते नेमके इथेच.

पानावर सगळ्यात वर पसारा आणि माणसं. इन्यो सुमारे २६,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्याच्या दीडपट. २०२०च्या जनगणनेत माणसं १९,०१६. मोनोत तर १३,१९५. हे दोन आकडे शेजारी लिहिले की मदत यायला वेळ का लागतो ते कुणी सांगावं लागत नाही. आमच्याकडे टो ट्रक पावणेदोन तासांनी आला आणि त्यात कुणाचीच चूक नव्हती.

मग कोण येणार ते. काउंटीचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, वेगळा; कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल, म्हणजे राज्याचे महामार्ग पोलीस, वेगळे. शहराच्या हद्दीबाहेर अपघात आणि वाहतूक महामार्ग पोलिसांकडे, चोरीमारी आणि डोंगरात हरवलेली माणसं शेरीफकडे. इन्योत रीतसर शहर एकच, बिशप. मोनोत मॅमथ लेक्स. महामार्ग पोलिसांची कचेरी इन्योत बिशपला, मोनोत ब्रिजपोर्टला. दोन्ही सॅन बर्नार्डिनोहून चालणाऱ्या इनलँड विभागात येतात. गाडी सुरक्षित कडेला असेल आणि कुणाला लागलं नसेल तर ९११ नको, महामार्ग पोलिसांचा १-८००-८३५-५२४७ लावा. रस्ता उघडा आहे का ते कॅलट्रान्सच्या, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याच्या, १-८००-४२७-७६२३ वर कळतं.

त्याखाली गावांमधली अंतरं. लोन पाइन ते इंडिपेंडन्स १६ मैल, तिथून बिग पाइन २६, पुढे बिशप १५. बिशपपर्यंत इंधनाचं निभावतं, पण डेथ व्हॅलीकडे वळलात की टाकी अर्धी झाली तरी भरून घ्यायची, पंपावरचा भाव बघून नाक मुरडायचं नाही. एकाच इन्योत ४,४२१ मीटरचा व्हिटनी डोंगर आहे आणि समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली गेलेलं डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटरही. त्यामुळे पाणी माणशी आणि गाडीसाठी वेगवेगळं भरा. उन्हाळ्यात गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्यांना गाडी आधी दिसते, माणूस नाही.

मोनोच्या पानावर हिवाळा. टायोगा पास हा घाट साधारण नोव्हेंबर ते मेअखेर बंद असतो, कधी जूनही उलटतो. फलकावर आर-२ दिसलं तर चाकांना साखळ्या लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला सूट आहे, पण साखळ्या गाडीत हव्यातच. त्या घरी अंगणात एकदा लावून बघा. बर्फात, काळोखात, बधिर बोटांनी पहिल्यांदा लावणं म्हणजे शिक्षा आहे.

आता आमची फजिती. ३९५ गावात शिरला की ताशी ६५ मैलांची मर्यादा बघता बघता ३५, २५वर येते. मी गप्पांच्या नादात ४८वर होते. मागे दिवे लागले. गाडी उजवीकडे घेतली, आणि साताऱ्याहून आलेले आबा, माझे सासरे, पट्टा सोडून दार उघडायला लागले. "साहेबांना भेटून येतो, कागद दे." मागून भोंग्यावर आवाज आला, आत बसा. इथे उतरायचं नसतं. काच खाली, हात स्टिअरिंगवर दिसतील असे, आणि कागद काढताना आधी सांगायचं, "कप्पा उघडते." अधिकारी बहुधा रहदारीच्या बाजूला न येता शेजारच्याच्या खिडकीशी येतो. म्हणजे आबांच्याच. लायसन्स, रजिस्ट्रेशन, विमा एका पाकिटात होतं म्हणून निभावलं. दंड मात्र भरला, चूक माझीच होती.

हल्ली पुढची सीट आबांचीच असते, वही मांडीवर. गावाचा फलक दिसला की ते वहीत बघतही नाहीत. "सूनबाई, पंचवीस."