पडलेलं झाड कोयत्याने तोडताय? या चुका टाळा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड ह्या पट्ट्यात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, माड, पोफळी, आंबे, फणस सगळं एकमेकांवर पडलेलं. चेनसॉवाल्याचा नंबर लागेपर्यंत कोण थांबणार, घरोघरी कोयतेच बाहेर निघाले. त्या दिवसांत जेवढ्या जखमा बघितल्या तेवढ्या मी आधी कधी बघितल्या नव्हत्या, आणि बहुतेक जखमा झाड कसं पडलंय ते न बघता घाव घातल्यामुळे झाल्या, चांगले सराईत हात होते तरी. म्हणून हे लिहितोय, पावसाळ्याआधी वाचून ठेवा.

तर पहिली चूक हीच. झाड पडलं म्हणजे आता ते हलणार नाही असं वाटतं, पण खोडाखाली दबलेली फांदी धनुष्यासारखी वाकलेली असते. वाकलेल्या फांदीची बाहेरची बाजू ताणलेली आणि आतली दबलेली, ताणलेल्या बाजूवर एकदम जोराचा घाव बसला की फांदी उभी फाटते आणि उसळून अंगावर येते. माझ्या चुलतभावाच्या बरगडीत अशीच काजूची फांदी बसली, महिनाभर त्याला कुशीवर झोपता येत नव्हतं. आधी दबलेल्या बाजूने थोडी खाच पाडा, मग बाहेरून लहान लहान घाव घाला, आणि फांदी जिकडे उसळेल तिकडे उभं राहू नका. मुळासकट उपटलेलं झाड तर ह्याच्यापेक्षा वाईट. खोड तोडून वजन कमी झालं की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात जाऊन बसतो, आणि नेमकी त्या खड्ड्यात पोरं उतरलेली असतात. पोरांना आधी घरी पाठवा. आणि विजेची तार अडकलेली असेल तर झाडाला हातच लावू नका, लाइट गेलीय म्हणून पण नाही, कारण शेजारच्या जनरेटरचा करंट उलटा तारेत येऊ शकतो. महावितरणला १९१२ वर कळवा आणि थांबा.

आता घाव. नवीन माणूस लाकडावर काटकोनात मारतो, कोयता उडतो किंवा रुततो. तिरका मारा, एकदा ह्या बाजूने एकदा त्या बाजूने, मधली ढलपी आपोआप सुटते. खाच वरून रुंद ठेवा, लाकूड जेवढं जाड साधारण तेवढी रुंद, नाहीतर अर्ध्यात गेल्यावर पातं अडकणारच. अडकलं तर आडवं पिळून काढू नका, पातं वाकतं नाहीतर मूठ ढिली होते, मूठ वरखाली हलवून काढा. फांद्या साफ करताना बुंध्याकडून शेंड्याकडे चला, बेचक्यात वरून मारलं तर लाकूड फाटत जातं आणि कोयता कुठे वळेल सांगता येत नाही. तुम्ही खोडाच्या एका बाजूला आणि तोडायची फांदी दुसऱ्या बाजूला असं ठेवा, म्हणजे चुकलेला घाव खोडात बसेल, नडगीवर नाही.

कोयत्याचं टोक आत वळलेलं असतं हे विसरून लोकं जमिनीलगतची फांदी तोडतात आणि टोक जांभ्या दगडावर आपटतं. माझा चांगला कोयता असाच गेला, धारेला तीन दाते पडले. फांदीखाली एक ओंडका सरकवायला काही वेळ लागत नाही. आणि मग ते दाते काढायला ग्राइंडर लावतात ती पुढची चूक, पातं तापून निळं पडलं की लोखंडाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. मोठे दाते असतील तर लोहाराकडे न्या, तो परत पाणी देईल, रोजच्याला कुरंदाचा दगड पुरे. मूठ हलत असेल तर पाण्यात भिजत घालून काम चालवतात, पण ती सुकली की आणखी ढिली होते, मूठ बदलाच.

आणि सगळंच कोयत्याने करू नका. मनगटाएवढी फांदी कोयत्याची, मांडीएवढी कुऱ्हाडीची, त्याच्यापुढे करवत. माडाचं खोड तर कोयत्याने नकोच, बाहेरून कडक, आत मऊ, सगळा धागाच धागा, धार जाते आणि हात भरून येतात. नुसत्या झावळ्या काढा.

ढिगाऱ्यात हात घालायच्या आधी काठीने हलवून बघा, पावसात तिथे फुरसं नाहीतर मण्यार बसलेली असते. चावलं तर जखम कापत बसू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. चपलेऐवजी गमबूट घाला. आंब्याचा चीक अंगावर उडाला तर लगेच धुवा, कातडी भाजल्यासारखी होते.

शेवटचं म्हणजे पंचनामा. आमच्या आळीत दोघांनी घाईघाईत सगळी बाग साफ केली आणि नंतर किती झाडं पडली होती ते दाखवायला काहीच उरलं नाही. वाट मोकळी करण्यापुरतं तोडा, प्रत्येक झाडाचा बुंध्यासकट फोटो काढा, आणि बाकीचं तलाठी येऊन गेल्यावर.